वाळू देऊ नका, आजच उचला : अंगणातला मोठा कुत्रा आणि त्याची विष्ठा

"वाळलं की झाडून टाकतो की, डॉक्टर साहेब." नायगावात मोठा कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक घरांतून मला हे एकच उत्तर मिळतं. ओलं असताना किळस वाटते. वाळलं की वास जातो, रंग उतरतो, खराट्याच्या एका फटक्यात ते गेटबाहेर जातं. आणखी चार दिवसांनी तर झाडावंही लागत नाही, मातीत मिसळून जातं. सोयीचं आहे, आणि म्हणूनच इतकं रुजलेलं आहे.

आरोग्याच्या हिशोबाने मात्र हे बरोबर उलटं आहे. कुत्र्याची ताजी विष्ठा किळसवाणी असते, पण तिच्यातला सगळ्यात मोठा धोका अजून तयार व्हायचा असतो. जुनी, वाळलेली, डोळ्यांना न दिसणारी विष्ठा किळसवाणी नसते, आणि धोका तिथेच असतो. या लेखात मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे, आणि जरा भांडून सांगायचं आहे, कारण नुसतं समजावून कोणी ऐकत नाही.

मी कुत्र्यांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. आपल्या भागाला मोठं कुत्रं नवीन नाही. लांब पायांचं, सडपातळ कारवान कुत्रं ही लातूर-नांदेडची जुनी ओळख आहे. चाकूर तालुक्यातलं जानवळ त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. माळेगावच्या यात्रेत घोड्यांबरोबर श्वानांचंही प्रदर्शन भरतं, आणि ज्या खंडोबाची ती यात्रा, त्याच्यासोबत कुत्रा असतोच. पण ते कुत्रं शेतातल्या आखाड्यावर राहायचं, मोकळ्या रानात फिरायचं. आता लॅब्रॅडोर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर दीड-दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर आले आहेत. शेजारच्या प्लॉटवर रांगणारं बाळ आहे. गणित बदललं ते इथे.

आधी कुत्र्याचं पोट समजून घेऊ. मोठ्या जातीचा कुत्रा रोज साधारण पाव ते अर्धा किलो विष्ठा टाकतो. चारशे ग्रॅम धरले तरी वर्षाला जवळपास दीड क्विंटल होते. सोयाबीनचं पोतं डोळ्यांसमोर आणा म्हणजे अंदाज येईल. घरात भाकरी, भात, पोळी हेच मुख्य खाणं असेल तर चोथा जास्त, म्हणजे विष्ठाही जास्त. मोठ्या कुत्र्याची विष्ठा लहान कुत्र्यापेक्षा सैल असते, हेही अनेक मालकांना सतावतं. त्याला कारण आहे. थोराड जातींची आतडी त्यांच्या वजनाच्या मानाने लहान असतात, आणि मोठ्या आतड्यात अन्न जास्त वेळ आंबत राहतं. म्हणून ग्रेट डेनची विष्ठा पामेरियनसारखी घट्ट नसली तर लगेच घाबरू नका. पण त्याला रोज वाटीभर दूध पाजत असाल तर ते बंद करून बघा. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि 'याचं पोट नेहमीच बिघडलेलं' असा शिक्का बसतो.

वेळेचं म्हणाल तर कुत्रा घड्याळासारखा असतो. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हलू लागतं. हे माणसातही होतं, म्हणून तर पुष्कळांना चहा घेतल्याशिवाय 'होत' नाही. कुत्र्यात ते जास्त ठळक असतं : खाल्ल्यावर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात. मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोन-तीन वेळा जावं लागतं, पिल्लाला पाच-सहा वेळा. खाण्याची वेळ ठरलेली असेल तर जाण्याचीही ठरते. "काय भरवसा, कुठं करतो न् कधी करतो" हे त्यामुळे मला पटत नाही. दिवसभर ताटली भरून ठेवली तर भरवसा नसणारच.

(एक गंमत. २०१३ साली चेक आणि जर्मन संशोधकांनी ७० कुत्र्यांचं निरीक्षण करून प्रसिद्ध केलं की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्रे शी करताना उत्तर-दक्षिण दिशेत उभे राहणं पसंत करतात. त्याला पुढच्या वर्षी विनोदी संशोधनाचं इग नोबेल मिळालं. वास्तुवाल्यांनी नोंद घ्यावी.)

कुत्रा आपल्या झोपण्या-खाण्याच्या जागेजवळ घाण करत नाही, तो लांब जातो. हा त्याचा चांगला गुण आपण सोयीने वापरतो. पहाटे पाचला गेट उघडतो, कुत्रा बाहेर, गेट बंद. पंधरा मिनिटांनी तो परत येतो. आपलं अंगण स्वच्छ. त्याने कुठे केलं हे आपण बघितलेलंच नसतं, त्यामुळे आपण निर्दोष.

आपल्या पिढीने टमरेल घेऊन रस्त्याकडेला बसणारी गावं बघितली आहेत. ती सवय मोडायला किती वर्षं गेली! संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं, स्वच्छ भारत २०१४ ला आलं, सकाळी शिट्ट्या मारत फिरणारी पथकं आली, लोकांना फुलं देऊन लाजवलं गेलं. २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त जाहीर झाला. आणि आता टाइल्सचा संडास असलेल्या घराचा मालक आपल्या पस्तीस किलोच्या कुत्र्याला त्याच रस्त्यावर पाठवतो. माणसाची विष्ठा उघड्यावर नको, कारण तिच्यातून जंत आणि जुलाब पसरतात, हे ज्याला पटलं, त्याला कुत्र्याच्या बाबतीत तेच का पटू नये?

"अहो, खतच होतंय की मातीत." हा दुसरा युक्तिवाद, आणि आपल्याकडे तो जोरात चालतो, कारण आपण शेणात वाढलो. शेणाने अंगण सारवलं, गोवऱ्या थापल्या, शेणखतावर पिकं काढली. पण गाय गवत खाते, कुत्रा मांस खातो. गायीच्या पोटातले बहुतेक जंत गायीचे असतात, माणसात ते टिकत नाहीत. कुत्र्याचे काही जंत मात्र माणसाच्या शरीरात शिरतात आणि वाट चुकल्यासारखे फिरत राहतात. शेणखताचा उकिरडा महिनोन्महिने तापतो आणि कुजतो. अंगणात पडलेला कुत्र्याच्या विष्ठेचा गोळा कुजून खत होत नाही, तो नुसता विखरतो. परसातल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात तो मिसळत असेल तर ते खत नव्हे.

आता 'वाळलं की झाडू' याकडे येतो.

कुत्र्याच्या आतड्यात टोक्सोकारा नावाचा गोल जंत असतो. पिल्लांमध्ये तो फार, कारण आईच्या पोटात असतानाच तो पिल्लाच्या शरीरात शिरतो. मोठ्या निरोगी कुत्र्यात कमी, पण असतो. एक मादी जंत दिवसाला हजारो, कधी लाखाच्या घरात अंडी घालते. ती विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा कच्ची असतात. त्या क्षणी ती पोटात गेली तरी रोग होत नाही. मातीत, सावलीत, जरा ओलाव्यात दोन ते चार आठवडे राहिल्यावर आत अळी तयार होते, आणि मग ते अंडं माणसाला बाधतं. तोवर विष्ठा वाळलेली असते, पावसाने विरघळलेली असते, तुम्ही झाडून पसरवलेली असते. अंडी मात्र मातीतच राहतात, महिनोन्महिने, जागा अनुकूल असेल तर काही वर्षं. म्हणजे त्याच दिवशी उचललेल्या विष्ठेतून हा रोग होऊच शकत नाही. आणि वाळू दिलेली विष्ठा म्हणजे आपण अंडी उबवायला ठेवलेली जागा.

"आपल्याकडं बेचाळीस डिग्री ऊन, काय राहतंय त्यात?" बरोबर आहे, मे महिन्याच्या उघड्या उन्हात वरवरची अंडी मरतात. पण कुत्रा उन्हात बसून शी करत नाही. तो लिंबाखाली जातो, नळाच्या कोंडाळ्याजवळ जातो, भिंतीच्या सावलीत जातो. मुलंही तिथेच खेळतात. आणि जूनमध्ये पाऊस पडला की पुढचे चार महिने ओलावाच ओलावा.

"फिनाईल टाकतो." फिनाईलने वास जातो. या अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडरीला ती दाद देत नाहीत. उष्णतेने मरतात. शहाबादी फरशी असेल तर आधी विष्ठा उचलून मग उकळतं पाणी ओतणं हा खरा उपाय. मातीवर त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे वेळेवर उचलणं एवढंच हातात असतं. नळीने पाणी मारून ढकलून देणं तर सगळ्यात वाईट, दोन इंचांची घाण दहा फुटांत पसरते.

मातीतली ही अंडी नखांतून, न धुतलेल्या भाजीतून, मातीत पडलेल्या खेळण्यावरून पोटात जातात. रक्त कमी असलेली मुलं माती खातात, आणि अशी मुलं आपल्याकडे कमी नाहीत. बहुतेकांना काहीही होत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. काही मुलांमध्ये ही अळी यकृतात, फुप्फुसात फिरते : बारीक ताप, खोकला, धाप, पोटात उजवीकडे दुखणं. आणि थोड्या मुलांमध्ये ती डोळ्यात जाते. १९५० साली हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकन संशोधिकेने शस्त्रक्रियेने काढलेले मुलांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कर्करोगाचा संशय येईल असा आजार त्या डोळ्यांत होता. त्यांतल्या कित्येकांत तिला कर्करोगाऐवजी जंताच्या अळीच्या खुणा सापडल्या. एका मुलाचा एक डोळा हे या रोगाचं आकडेवारीत न मावणारं मोल आहे.

दुसरा जंत म्हणजे कुत्र्याचा आकडीकृमी. याच्या अळ्या आठवड्याभरात तयार होतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. त्यांना भुसभुशीत, ओलसर, सावलीतली वाळू आवडते. बांधकामासाठी आणून टाकलेला वाळूचा ढीग बघा : कुत्र्यांची आवडती जागा, आणि पोरांचीही. तळपायावर किंवा कुल्ल्यावर लाल, वळणावळणाची, रोज थोडी पुढे सरकणारी, रात्री प्रचंड खाजणारी रेघ दिसते. मी अशी मुलं पाहिली आहेत जी गजकर्ण समजून महिनाभर मेडिकलवरचं स्टेरॉइड मिसळलेलं मलम चोळून आली होती. गजकर्ण गोल असतं. ही रेघ चालते. औषध वेगळं आहे आणि सोपं आहे.

तिसरा सगळ्यात गंभीर, आणि त्याचा मोठ्या कुत्र्याशी थेट संबंध आहे, कारण मोठ्या कुत्र्याचं खाणं महाग पडतं. म्हणून मालक खाटकाकडून शेळी-मेंढीचं फेकायचं फुप्फुस, यकृत, आतडी आणतो आणि कच्चीच टाकतो. त्यात पाण्याच्या गाठी असतील तर कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस नावाचा इवलासा पट्टकृमी वाढतो. याची अंडी मात्र विष्ठेतून बाहेर पडतानाच तयार असतात. इथे 'ताजी विष्ठा कमी धोक्याची' हा नियम लागू नाही, म्हणून उचलताना हात झाकलेला हवा आणि नंतर साबणाने धुतलेला हवा. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात याची गाठ वर्षानुवर्षं वाढत राहते, आणि सोनोग्राफी दुसऱ्याच कारणासाठी केली तेव्हा सापडते. पुष्कळदा मोठी शस्त्रक्रिया लागते. उपाय काय? ते मांस खळखळून उकळून द्या. इतकंच.

काय होत नाही, हेही सांगतो. कुत्र्याच्या विष्ठेतून रेबीज होत नाही, तो लाळेतून आणि चाव्यातून होतो. टोक्सोप्लाझ्मा या गर्भवतींना घाबरवणाऱ्या रोगाची अंडी मांजराच्या विष्ठेत तयार होतात, कुत्र्याच्या नाही. रिपोर्ट हातात घेऊन सुनेला 'कुत्रं घालवून दे' म्हणणाऱ्या सासूबाईंनी हे वाचावं.

"आणि मोकाट कुत्र्यांचं काय? ती तर गावभर करतात." करतात. त्यांची नसबंदी करणं, उघड्यावरचं मांस आणि कचरा आवरणं ही नगरपंचायतीची जबाबदारी आहे, आणि ती मागितलीच पाहिजे. पण मोकाट कुत्र्याला मालक नाही म्हणून त्याची घाण पडून राहते. तुमच्या कुत्र्याला मालक आहे. त्याला जंताचं औषध देता येतं, त्याची वेळ आणि जागा ठरवता येते. ज्याचं काहीच करता येत नाही त्याच्याकडे बोट दाखवून, ज्याचं सगळं करता येतं ते सोडून द्यायचं, हा कुठला न्याय?

मग ती उचलतं कोण? हे बोलायला कोणाला आवडत नाही. सकाळी रस्ता झाडणारी बाई उचलते, नाहीतर घरी कामाला येणारा गडी. पट्टा मालकाच्या हातात, फोटोत मालक, आणि घाण दुसऱ्याच्या हातात. माणसाचा मैला हाताने उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. कुत्र्याच्या विष्ठेबद्दल तो कायदा बोलत नाही, पण ती कोणी उचलायची याबद्दलची आपली समजूत त्याच जुन्या उतरंडीतून आली आहे. गाडगेबाबा गावात आले की आधी स्वतः झाडू हातात घ्यायचे. त्यांचा फोटो लावणाऱ्या घरात निदान आपल्या कुत्र्याचं आपण उचलावं. अनोळखी कुत्र्याची विष्ठा उघड्या हाताने उचलणाऱ्या बाईला हातमोजेही मिळत नसतील, तर हे सगळे जंत आधी तिच्या घरी जातात.

उचलणं अवघड नाही. अंगणाचा एक कोपरा ठरवा, नळापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब. खाणं दिल्यावर तिथेच न्या, झालं की शाबासकी द्या. पंधरा दिवसांत बहुतेक कुत्री शिकतात. बाहेर नेत असाल तर पट्टा लावून न्या आणि खिशात पिशवी ठेवा. पिशवी हातात मोज्यासारखी घालायची, उचलायचं, पिशवी उलटी करून गाठ मारायची. घरी खुरपं आणि जुना पेपर पुरतो. सैल असेल तर वर राख किंवा कोरडी माती टाका, मग खरवडा.

टाकायचं कुठे? पिशवी न टाकता नुसती विष्ठा घरच्या संडासात टाकून पाणी ओतणं सगळ्यात सोपं. जागा असेल तर दोन-तीन फूट खोल खड्डा करा, विहीर किंवा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब. प्रत्येक वेळी वर माती, आणि तोंडापासून फूटभर राहिला की बुजवून टाका. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी तुंबतं, तेव्हा खड्डा उंचवट्यावर हवा. घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात मात्र टाकू नका. त्याचं खत होतं आणि ते कोणाच्यातरी भाजीला जातं.

जंताच्या औषधाबद्दल एक गोष्ट मोठ्या कुत्र्यांच्या मालकांनी नीट ऐकावी. डोस वजनावर असतो. बाजारातल्या पुष्कळ गोळ्या दहा किलोला एक या हिशोबाच्या असतात. पस्तीस किलोच्या शेफर्डला एक गोळी देऊन 'औषध दिलंय' म्हणणं म्हणजे जंतांना चव दाखवणं. पिल्लाला दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी, मोठ्याला साधारण तीन महिन्यांनी, हा सर्वसाधारण नियम. नेमकं औषध आणि मात्रा तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात वजन सांगून विचारा. मी माणसांचा डॉक्टर आहे, तुमच्या कुत्र्याला गोळी लिहून देणार नाही.

रोज उचलण्याचा एक फायदा असा की रोज बघितलं जातं. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे आत वरच्या भागात रक्तस्राव असू शकतो. पांढरी, खडूसारखी, कुंथून होणारी म्हणजे हाडं जास्त झाली. तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर पट्टकृमी. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे घाण वासाचे जुलाब सुरू झाले तर तो पार्वो असू शकतो, सकाळची वाट बघू नका. इथे नाही जमलं तर उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या.

न्यूयॉर्कमध्ये कुत्र्याची घाण मालकाने उचलायची हा कायदा १९७८ पासून आहे. तेव्हाही लोक हसले होते, आज तिथे पिशवी खिशात असणं ही साधी रीत आहे. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत यासाठी दंड आहे. आपल्या नगरपंचायतीनेही पाळीव कुत्र्यांची नोंद ठेवावी, नोंदीच्या वेळी जंताच्या औषधाचा दाखला मागावा आणि उचलत नाही त्याला दंड करावा. माझ्या ओळखीचे चार लोक यावर नाराज होतील. होऊ देत.

शेवटी रुग्णांसाठी. मुलाला जुना खोकला, धाप किंवा बारीक ताप असेल आणि रक्तात इओसिनोफिल पेशी फार वाढल्या असतील, तर घरात किंवा शेजारी कुत्रा आहे का, मूल माती खातं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. 'संडास तपासली, जंत नाहीत' यावर थांबू नका. टोक्सोकारा माणसाच्या आतड्यात वाढतच नाही, त्यामुळे त्याची अंडी माणसाच्या संडासात कधीच सापडत नाहीत. त्याची तपासणी रक्ताची असते. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी गोळी मुलाला जरूर द्या, पण त्या एका गोळीने या भटक्या अळ्यांचा बंदोबस्त होत नाही. आणि मुलाचा एक डोळा तिरळा दिसू लागला, फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, किंवा एक डोळा झाकल्यावर त्याला दिसत नाही असं वाटलं, तर कारण कोणतंही असो, त्याच आठवड्यात नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.